श्रीलंकेला दोघीच निघालात? जरूर जा, पण अर्धंच बेट बघा

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून निवृत्त झाले. वय ६०, माझी नणंद ६४ वर्षांची. कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत करणारी शक्ती योजना सुरू झाल्यापासून आम्ही दोघींनी बसनं बदामी, हंपी, धर्मस्थळ, होरनाडू असं बरंच पाहिलं. आता श्रीलंकेला जायचं मनात आहे. वर्गात संघमित्रेची गोष्ट सांगताना मी नकाशावर बोट ठेवून अनुराधपूर दाखवायची, ते एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. नणंदेला सीतेची अशोकवाटिका बघायची आहे. मुलगा पुण्यात असतो. तो म्हणतो, "भाषा येत नाही, ओळखपाळख नाही, दोघीच कशा जाणार? पाच रात्रींचं पॅकेज घ्या." आम्हाला ती पळापळ नको. दिवाळी झाली की निघावं आणि दहा-बारा दिवसांत सगळं बेट फिरून यावं, असा विचार आहे. नणंद माळकरी आहे, मासे-मटण तिला शिवतही नाही. जमेल का?
— एक वाचक, खानापूर

बाई, जमेल. नुसतं जमेल असं नाही, तुम्हा दोघींना हा प्रवास पॅकेजपेक्षा जास्त मानवेल. फक्त तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी बदलायला सांगते. एक, दिवाळीनंतर लगेच निघू नका. दुसरी, "सगळं बेट" हे शब्द वहीतून खोडून टाका.

दुसरी गोष्ट आधी घेते, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. श्रीलंकेचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कर्नाटकाच्या साधारण एक तृतीयांश. उत्तर-दक्षिण लांबी सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, रुंदी सव्वादोनशे. हे आकडे बघून कुणालाही वाटतं की बारा दिवसांत तीन फेऱ्या होतील. पण मध्यभागी सगळा डोंगर आहे, रस्ते बहुतेक दुपदरी आहेत आणि ते गावागावांतून जातात. कोलंबो ते कँडी अंतर ११५ किलोमीटर, बसला साडेतीन तास सहज लागतात. कँडी ते डोंगरातलं एल्ला रेल्वेनं सहा-सात तास. फोनमधला नकाशा जो वेळ दाखवतो त्याच्या दीडपट धरा, तेव्हा खरा हिशेब लागतो. पाच रात्रींच्या पॅकेजमध्ये माणसं दमून येतात ती याच कारणानं. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा अशी चार नावं कागदावर भरगच्च दिसतात, पण दिवसाचे सहा-सहा तास गाडीतच जातात आणि देवळाबाहेर "वीस मिनिटांत या" असं सांगितलं जातं. ज्या बाईंनी वर्षानुवर्षं अनुराधपूर नकाशावर दाखवलं, त्यांनी ते वीस मिनिटांत बघून यावं, हे मला पटत नाही. शिवाय छोट्या पॅकेजमध्ये अनुराधपूर बऱ्याचदा नसतंच. मुलानं यादी पाठवली असेल तर तेवढं एकदा बघा.

आता महिन्याचं. श्रीलंकेत पावसाळे दोन, आणि दोन्ही एकाच वेळी सगळीकडे नसतात. तुम्ही खानापूरच्या, तेव्हा हे तुम्हाला चटकन कळेल : जुलैत कणकुंबीला आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि त्याच वेळी आपल्याच जिल्ह्यातलं अथणी आभाळाकडे डोळे लावून बसलेलं असतं. तिथेही मधला डोंगर तेच करतो. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस कोलंबो, गॉल आणि डोंगराचा पश्चिम उतार झोडपतो, तेव्हा पूर्वेचा त्रिंकोमालीचा किनारा कोरडा आणि समुद्र शांत असतो. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी उलटं होतं : ईशान्येचा पाऊस पूर्वेला आणि उत्तरेला पडतो, तर दक्षिण-पश्चिम किनारा उघडा असतो. मधले ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन महिने मात्र जवळजवळ सगळ्या बेटावर दुपारनंतर ढग भरून येतात, आणि बंगालच्या उपसागरातली वादळं याच सुमाराला उठतात. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दितवा चक्रीवादळानं तिथे हाहाकार केला. डोंगराळ भागात दरडी कोसळल्या, शेकडो माणसं गेली, रेल्वेमार्ग उखडले. म्हणून दिवाळीनंतर लगेच नको. संक्रांत घरी करा आणि जानेवारीअखेर ते मार्चमध्यापर्यंतचे दिवस धरा. तेव्हा तुम्हाला हव्या असलेल्या दोन्ही जागा आणि दक्षिणेचा समुद्र, तिन्ही एका फेरीत बसतात. पूर्व आणि उत्तर, म्हणजे त्रिंकोमालीचं कोणेश्वर आणि जाफन्याचं नल्लूर ही देवळं, या खेपेला सोडा. मन मोठं करून सोडा.

एप्रिलच्या मध्यावर जाऊ नका. १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ नवं वर्ष असतं. सगळा देश गावी निघतो, बसला पाय ठेवायला जागा नसते आणि दुकानं दोन-चार दिवस बंद राहतात. आणखी एक गोष्ट कॅलेंडर हातात घेऊनच बघा. दर पौर्णिमेला तिथे पोया असते, म्हणजे सार्वजनिक सुट्टी. त्या दिवशी दारू आणि मांस विकत नाहीत, त्याचं तुम्हाला काही नाही, पण बस-रेल्वेला गर्दी फार. पोयेला प्रवास ठेवू नका, पण अनुराधपुरात असाल तर फार चांगलं. पांढरे कपडे घातलेली, हातात कमळं घेतलेली माणसं बोधिवृक्षाकडे निघालेली असतात, आपल्याकडे एकादशीला निघतात तशीच, घरची सगळी मिळून.

कागदपत्रांचं एकदा नीट बघून घ्या, कारण आपल्या सीमाभागात घोळ इथेच होतो. शाळेचा दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नवऱ्याचं, कुठे आडनावच नाही. श्रीलंकेला जायला भारतीयांना ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी लागते, ती साधारण तीस दिवसांची असते. त्या अर्जात आणि विमानाच्या तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षराला अक्षर जुळवून टाका. आधार बाजूला ठेवा, त्याच्यावरचं नाव बघून भरू नका. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. ईटीएची फी आणि सवलती वरचेवर बदलतात, म्हणून अर्ज श्रीलंका सरकारच्याच साईटवर करा. तशाच नावाच्या खाजगी साईट्स जास्तीचे पैसे घेतात आणि त्या शोधताना वर दिसतात. अर्ज मुलाला भरायला सांगा, पण पाठवण्याआधी पासपोर्ट हातात धरून स्वतः वाचा. परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचा पत्ता छापून जवळ ठेवा.

जायचं बंगळूरहून. तिथून कोलंबोला विमानाला साधारण दीड तास लागतो. बेळगावहून रात्रीच्या रेल्वेनं निघालात तर सकाळी बंगळूरला उतराल, पण विमानतळ देवनहळ्ळीला आहे आणि शहराच्या स्टेशनापासून तो लांब पडतो. मॅजेस्टिकहून वायुवज्र बस मिळते, गर्दीच्या वेळी तिला दीड-दोन तासही लागतात. रेल्वे आणि विमान यांच्यात अर्धा दिवस मोकळा ठेवा. तिकिटं वेगवेगळी काढलेली असली की गाडी लेट झाल्याचं विमानवाल्यांना काही देणंघेणं नसतं.

विमान उतरतं ते कोलंबोत नाही, कटुनायकेला. कोलंबो तिथून तीसेक किलोमीटर. पहिल्या रात्री कोलंबोत शिरू नका. विमानतळाजवळच निगोंबो नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, तिथे एक रात्र काढा. विमानतळावरच दोन कामं उरका : बँकेच्या खिडकीवर थोडे पैसे बदला आणि डायलॉग किंवा मोबिटेलचं सिमकार्ड घ्या. आपल्या एका रुपयाला तिकडचे साडेतीनच्या आसपास मिळतात. आकडे मोठे दिसतात म्हणून घाबरू नका, साडेतीननं भागा. यूपीआय तिथे फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालंय, पण ते मोठ्या दुकानांपुरतं समजा. बसवाला, नारळवाला, देवळाबाहेरची फुलवाली यांना नोटाच लागतात. सुट्ट्या नोटांची वेगळी छोटी पर्स ठेवा. घड्याळाला हात लावायला नको, वेळ आपलीच आहे.

मुक्काम चारच ठिकाणी करा, निगोंबोची रात्र सोडून. दांबुल्ला किंवा सिगिरियाजवळ तीन रात्री, कँडीत तीन, डोंगरात नुवारा एलिया किंवा एल्लाकडे तीन, गॉलला दोन. चारचे पाच करू नका. दर मुक्कामाला बॅग उघडणं-भरणं यात अर्धा दिवस जातो, आणि या वयात त्या अर्ध्या दिवसाची किंमत जास्त आहे. हॉटेलपेक्षा घरगुती गेस्ट हाऊस बघा, जिथे मालकीणबाई स्वतः राहते. तळमजल्याची खोली मागा, न्याहारीसकट घ्या. तुम्हाला तिची भाषा येणार नाही, तिला तुमची येणार नाही, पण स्वयंपाकघरात उभ्या राहिलात की नारळ खवणारी बाई आणि तुम्ही यांचं काही अडत नाही.

दांबुल्ल्याहून अनुराधपूर ६५ किलोमीटरवर आहे. तिथे आख्खा दिवस द्या. अशोकाच्या मुलीनं, संघमित्रेनं, बोधगयेच्या पिंपळाची फांदी आणली ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. ते झाड आजही तिथे आहे, सोन्याच्या मुलाम्याच्या टेकूंवर फांद्या तोलून धरलेलं. स्तूप मात्र लांब लांब पसरलेले आहेत. चालत होणार नाहीत, दिवसभरासाठी एक रिक्षा ठरवा. आणि ही गोष्ट फार कमी लोक सांगतात : जाड पायमोजे जवळ ठेवा. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि अकरानंतर दगडी फरशी अशी तापते की प्रदक्षिणा नको वाटते. मोजे चालतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, तुम्ही साडीत किंवा पंजाबीत असाल म्हणजे प्रश्नच नाही. टोपी काढायची, छत्री मिटायची. बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. यावर ते लोक मनापासून दुखावतात, पोलिसही बोलावतात.

सिगिरियाचा कडा कश्यप राजानं पाचव्या शतकात राजधानीसाठी निवडला. पायऱ्या बाराशेच्या घरात, काही लोखंडी, हवेत लटकलेल्या. नणंदबाईंचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. दुखत असतील तर त्यांना खालच्या बागांत, सावलीत बसवा आणि तुम्ही सकाळी सातला चढायला लागा. ऊन चढलं की कड्यावरच्या गांधीलमाश्या उठतात, अत्तर लावून जाऊ नका. तिकीट परदेशी लोकांना भारी पडतं, पण सार्क देशांच्या नागरिकांना सिगिरिया, पोलन्नरुवा, अनुराधपूर इथे साधारण निम्म्यात मिळतं. ते मागावं लागतं आणि मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. झेरॉक्सवर देत नाहीत. या भागात संध्याकाळी सहानंतर पायी फिरू नका, हत्ती रस्त्यावर येतात. दांडेलीकडचे हत्ती खानापूरच्या ऊस-भातात उतरतात तेव्हा काय होतं ते तुम्ही पाहिलंय, जास्त सांगत नाही.

आता भाषेचा आणि बसचा प्रश्न, म्हणजे मुलाची खरी काळजी. बाई, तुमच्याइतकी तयारी पुण्या-मुंबईच्या माणसाचीही नसते. ज्या बायका बेळगावच्या बसस्थानकावर कन्नड पाटी वाचून, मराठीत विचारून, हुबळीत गाडी बदलून होरनाडूला पोचल्या, त्यांना कुरुनेगलाची बस काय अवघड आहे! पाट्या सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तीन भाषांत असतात. सरकारी बस लाल, बहुतेक अशोक लेलँडच्या. खाजगी बस गाणी मोठ्यानं लावून जोरात हाणतात. जमेल तिथे लाल बस पकडा. कंडक्टर तिकीट देतो, उरलेले पैसे कधी कधी उतरताना देतो, तोवर गप्प बसायचं. पुढचं दारालगतचं बाकडं भिक्खूंसाठी राखून ठेवलेलं असतं. रिकामं दिसलं म्हणून बसू नका. भगवं चीवर घातलेले भन्ते चढले की म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहतात. बायकांनी भिक्खूंच्या शेजारी बसायचं नसतं, त्यांना स्पर्श होऊ द्यायचा नसतो. हा तिथला नियम आहे, अपमान मानू नका. गर्दीच्या बसमध्ये छेडछाड तिथेही होते. बायकांच्या शेजारची जागा धरा, पिशवी मांडीवर घ्या, कुणी अंगाला लागलं तर मोठ्यानं मराठीत ओरडा. सूर कळतो.

रिक्षा आपल्याच बजाजच्या. शहरात पिकमी नावाचं ॲप आहे, त्यावर भाडं आधी दिसतं. ॲप चालत नसेल तिथे गेस्ट हाऊसच्या मालकिणीला भाडं विचारून घ्या आणि बसण्याआधी ठरवा. "आज ते देऊळ बंद आहे, मी दुसरं दाखवतो", "आज सरकारी रत्नांचा सेल आहे, शेवटचा दिवस", असं बोलणाऱ्या माणसाबरोबर पाऊलभर जाऊ नका. कँडीच्या तळ्याकाठी एखादा येऊन म्हणेल, "मी तुमच्या हॉटेलात काम करतो, ओळखलं नाही?" नमस्कार करून चालू लागा. मातलेच्या बाजूला मसाल्याच्या बागा दाखवतात, बघायला छान असतात, पण शेवटी गुडघेदुखीचं तेल अव्वाच्या सव्वा भावात गळ्यात मारतात. नणंदबाईंना हे आधीच सांगून ठेवा.

खाण्याचं मी जरा सविस्तर लिहिते, कारण माळकरी माणसाची फसगत तिथे नकळत होते. भात आणि चार-पाच भाज्या हे तिथलं रोजचं जेवण, आपल्याला अगदी चालण्यासारखं : परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसुराची डाळ, फणसाची भाजी, बीट, भोपळा. पण वाळवलेल्या टुना माशाचा चुरा, त्याला उंबलकड म्हणतात, तो भाजीतही टाकतात आणि ओल्या खोबऱ्याच्या लाल चटणीत, पोल सांबोलमध्येही टाकतात. वाढणाऱ्याच्या लेखी ती भाजीच असते, तो खोटं बोलत नसतो. म्हणून "व्हेज आहे का" एवढं विचारून भागत नाही. तीन वाक्यं दोघींनीही पाठ करा : मस् एपा, माळू एपा, उंबलकड एपा. मांस नको, मासा नको, तो चुरा नको. एका कागदावर सिंहली लिपीतही लिहून घ्या, पहिल्या मुक्कामाची मालकीण लिहून देईल. त्याहून सोपं म्हणजे तमिळ लोकांची शैव हॉटेलं शोधा. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया इथे ती आहेत. इडली, डोसा, वडा, केळीच्या पानावर भात, आणि स्वयंपाकघरात मासा येतच नाही. म्हशीच्या दुधाचं मडक्यातलं दही आणि त्यावर कितुल माडाची काकवी मिळते, ती चुकवू नका. चहात बहुतेक ठिकाणी दूध पावडरचं असतं. शहाळं केशरी रंगाचं, त्याला तंबिली म्हणतात. पाणी सीलबंद किंवा उकळलेलंच प्या. घरून शेंगदाण्याची चटणी आणि लाडू न्या, पण पाच किलो नेऊ नका.

रेल्वे ही या प्रवासातली माझ्या मते सगळ्यात मोठी गंमत. कँडीहून बदुल्लाकडे जाणारी गाडी चहाच्या मळ्यांतून चढत चढत पट्टिपोळ स्टेशनाला जवळजवळ १,९०० मीटरवर पोचते. आरक्षण महिनाभर आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. एजंट तीच तिकिटं दुप्पट-तिप्पट भावात विकतात. घेऊ नका. पहिल्या वर्गाच्या एसी डब्याच्या काचा उघडत नाहीत, दुसऱ्या वर्गाच्या खिडक्या उघडतात, म्हणून आरक्षण मिळालं तर दुसऱ्या वर्गाचंच घ्या. नाही मिळालं तर बिनआरक्षित तिकीट स्टेशनवर मिळतं, पण कँडीला जागा मिळणं कठीण. अशा वेळी नानुओयापर्यंत बसनं जा आणि पुढचा तुकडा रेल्वेनं करा, तोच जास्त देखणा आहे. गाडीत "वडे, वडे" ओरडत माणसं येतात. डाळीचे वडे ते मुलांच्या जुन्या वहीच्या कागदात बांधून देतात. एखाद्या पुडीवर शिक्षकानं लाल शाईनं तपासलेली गणितंही दिसतात, तुम्हाला गंमत वाटेल. वर कोळंबी खोचलेले वडे वेगळे असतात, दिसतातच. नणंदबाईंना खिडकीकडे बघायला सांगा. दितवा वादळात याच मार्गाचं फार नुकसान झालं, तेव्हा तारीख ठरवण्याआधी गाडी कुठून कुठपर्यंत चालते ते विचारूनच घ्या. बंद असेल त्या तुकड्याला बस आहे, त्यासाठी प्रवास रद्द करू नका.

नानुओया स्टेशनाहून नुवारा एलिया आठ-नऊ किलोमीटर. तिथून बदुल्ला रस्त्यावर थोडं पुढे सीता एलियाला ओढ्याकाठी सीता अम्मनचं देऊळ आहे. पूजा तमिळ पद्धतीची. ओढ्यातल्या खडकावरचे खळगे हनुमानाच्या पावलांचे म्हणून दाखवतात. देऊळ लहान आहे, रंगीत गोपुराचं, अगदी रस्त्यालगत. नणंदबाईंच्या मनात किर्र वनातली अशोकवाटिका असेल तर त्यांना आधी कल्पना द्या, आणि जवळचीच हकगलाची बाग जोडून घ्या, त्या बागेत त्यांना वाटिका सापडेल. इथे फेब्रुवारीत पहाटे चांगलीच थंडी असते, स्वेटर लागतो. जळवा ओल्या गवतात असतात. जांबोटीच्या रानात वावरलेल्या माणसाला त्यांचं काय!

एका गोष्टीत मी मुलाच्या बाजूची आहे. एल्ला-बंडारवेलाहून खाली गॉलला उतरताना बसनं पाच-सहा तास लागतात, मधे बदलावीही लागते, आणि घाटात बस हेलकावे खाते. त्या एका दिवसासाठी ड्रायव्हरसकट गाडी करा. तशीच दांबुल्ल्याला एक दिवस केली तर अनुराधपूर आरामात होईल. स्वतंत्र प्रवास म्हणजे प्रत्येक किलोमीटर कष्टानंच करायचा असं काही नाही. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे खर्चायचे हे तुम्ही ठरवता, एवढाच त्याचा अर्थ. गॉलच्या किल्ल्याच्या तटावर संध्याकाळी फिरा. पाया पोर्तुगीजांचा, आजचे भक्कम बुरूज डचांनी बांधलेले. तिथून कोलंबोला समुद्राला घासून जाणारी रेल्वे आहे, परतीच्या दिवशी ती घ्या. जाताना उजव्या हाताला नाही, डाव्या हाताला बसा, समुद्र त्या बाजूला असतो.

राहिला धोका. अंधार बारा महिने सहा-साडेसहाला पडतो. त्याआधी मुक्कामी पोचायचं, हा नियम मोडू नका. डासांपासून जपा, मलेरिया तिथून २०१६ मध्ये हद्दपार झाला पण डेंग्यू आहे. बीपीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको. प्रवास विमा काढा, साठीनंतर तो थोडा महाग पडतो तरी काढा. पोलिसांचा नंबर ११९. रुग्णवाहिकेचा १९९०, ती सेवा मोफत आहे आणि भारताच्या मदतीनं २०१६ मध्ये सुरू झालेली आहे. दोन्ही नंबर कागदावर लिहून दोघींच्या पर्समध्ये ठेवा, फोनमध्ये असून चार्जिंग संपलं तर उपयोग नाही. चार्जरचं म्हणाल तर गोल पिनांचे सॉकेट असतात, पण नव्या ठिकाणी चौकोनी पिनांचे निघतात, एक अडॅप्टर घ्या. मुलाला रोज रात्री एक फोन आणि मुक्कामांची पत्त्यांसकट यादी, एवढं दिलंत की त्याचा जीव भांड्यात पडेल. त्याची काळजी खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका.

सुरुवात दोन्ही पासपोर्टपासून करा. मुदत बघा, नावं बघा, दुरुस्ती लागणार असेल तर आताच अर्ज टाका. त्यात महिना-दीड महिना जाऊ शकतो आणि फेब्रुवारीची विमानं तोवर महाग होतात. मुक्कामांची यादी तयार झाली की मला पाठवा. चारपेक्षा जास्त नावं दिसली तर मी खोडणार आहे.